लाल फुली म्हणजे औषधाची पाटी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाची आरोग्य पुरवणी हातात घेतली आणि पहिल्याच पानावर अडकलो. मथळ्याशेजारी पांढऱ्या गोलात तांबडी फुली, आणि खाली मधुमेहाच्या रुग्णांनी भाकरी किती खावी यावरचा लेख. लेख चांगला होता, माझी तक्रार फुलीबद्दल आहे. त्याच आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की युद्धात कसले आलेत नियम, नियम म्हणजे जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला ऐकवायच्या गोष्टी. पुरवणीतल्या फुलीचा आणि त्या पत्राचा संबंध आपल्याला दिसणार नाही. मला तो फार जवळचा दिसतो, म्हणून हे लांबलेलं पत्र. जागा असेल तर पूर्ण छापा. नसेल तर निदान ती फुली तरी बदला.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. १९८८ साली भरती झालो, बावीस वर्षांनी हवालदार म्हणून घरी आलो. वडील इथल्याच एका गिरणीत साचे चालवायचे, थोरला भाऊ पुढे यंत्रमागावर लागला, मी बाहेर पडलो. लखनौच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आमचे उस्ताद उत्तर प्रदेशातले एक वयस्कर सुभेदार होते. त्यांनी एक दिवस सगळ्यांना ओळीने बसवून डाव्या दंडावर बांधायचा पांढरा पट्टा वाटला. मधोमध लाल फुली, कडेला सरकारी शिक्का. आम्ही पोरं एकमेकांच्या दंडावर बांधून हसत होतो. उस्ताद म्हणाले, "इसमें कपड़ा बस दो बित्ता है. बाकी सब भरोसा है." तेव्हा कळलं नाही. कळायला वीस वर्षं आणि दुसरा खंड लागला, ते पुढे सांगतो.

सोलापुरात या चिन्हाला सगळे 'प्लस' म्हणतात. मेडिकल दुकानाच्या पाटीवर प्लस, डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर प्लस, रक्त तपासणाऱ्या लॅबवर, चष्म्याच्या दुकानावर, प्रथमोपचाराच्या डब्यावर, परवा तर जनावरांच्या औषधाच्या पिशवीवरही पाहिला. लोकांचा यात काही वाईट हेतू नाही. लहानपणापासून सगळीकडे तसंच पाहिलंय. पण ही खूण औषधाची नाही आणि डॉक्टरकीचीही नाही. ही युद्धाच्या कायद्याची खूण आहे. तिचा अर्थ एवढाच: इथे गोळी झाडायची नाही.

ती आली कुठून? २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो या गावाभोवती एकीकडे फ्रान्स आणि सार्डिनिया, दुसरीकडे ऑस्ट्रिया अशी लढाई झाली. दोन्ही बाजूंचं मिळून तीन लाखांच्या आसपास सैन्य आणि एका दिवसात सुमारे चाळीस हजार मेलेले व जखमी. आंरी द्युनां नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी त्या भागात आला होता. अल्जीरियातल्या धंद्याचं एक काम अडलं होतं, ते फ्रान्सच्या बादशहाला भेटून सोडवायचं होतं. काम राहिलं बाजूला. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या चर्चमध्ये, घरांत, रस्त्यांवर जखमी पडलेले पाहून तो तिथेच थांबला. गावातल्या बायका पाणी, फडकी घेऊन आल्या आणि फ्रेंच की ऑस्ट्रियन हे न बघता जखमा धुवायला लागल्या. 'तुत्ती फ्रातेल्ली' म्हणायच्या, सगळे भाऊच. नियम मागाहून आला, त्या बायकांनी तो आधी करून दाखवला होता.

माझ्यासारख्याला त्या काळातली एक गोष्ट फार खटकते. सैन्याबरोबर वैद्य तेव्हाही असायचे आणि दवाखान्यावर झेंडाही लावायचे. पण प्रत्येक देशाचा रंग वेगळा. ऑस्ट्रियाचा पांढरा, फ्रान्सचा तांबडा, स्पेनचा पिवळा. आपल्या शिपायाला आपला झेंडा कळायचा, समोरच्याला कसा कळावा? आणि दवाखाना ओळखायचा तो समोरच्यानेच. आपल्या माणसाला ओळखू येऊन काय उपयोग? म्हणून १८६४ साली २२ ऑगस्टला जिनिव्हात बारा राष्ट्रांनी दहा कलमांचा करार केला आणि सर्वांसाठी एकच खूण ठरवली. पांढऱ्यावर लाल फुली, म्हणजे स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केलेले. आमच्या शेजारचे चाचा नेहमी विचारतात की हा ख्रिस्ती लोकांचा क्रॉस का. तसा तो ठरवताना धर्माचा नव्हता. तरी तुर्कांनी १८७६ च्या सुमारास रशियाशी लढताना त्याऐवजी लाल चंद्रकोर वापरली, पुढे तीही कायद्यात आली, आणि २००५ साली धर्माशी नातं नसलेला लाल चौकोनी स्फटिकही आला. तिन्हींचा मान सारखा.

द्युनांचं पुढे दिवाळं निघालं. जिनिव्हाच्या समाजाने त्याला टाकलं, म्हातारपण हायडेन गावातल्या एका आश्रयगृहात गेलं. १९०१ साली शांततेचं पहिलं नोबेल त्याला विभागून मिळालं, तेव्हा कित्येकांना तो जिवंत आहे हेच माहीत नव्हतं. ३० ऑक्टोबर १९१० रोजी तो वारला.

त्याच्या वीस दिवस आधी, १० ऑक्टोबर १९१० रोजी, आपल्या सोलापुरात द्वारकानाथ कोटणीस जन्मले.

या दोन तारखा मी पहिल्यांदा शेजारी शेजारी पाहिल्या तेव्हा वही बंद करून थोडा वेळ तसाच बसलो. भैय्या चौकात डॉक्टरांच्या घराचं स्मारक आहे, तिथे मी निवृत्तीनंतर दर वर्षी ९ डिसेंबरला जातो. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. जपानची फौज तेव्हा चीनमध्ये घुसली होती. बाकीचे परत आले, कोटणीस तिथेच राहिले. कॅनडाचे डॉ. बेथ्यून ऑपरेशन करताना बोट कापून, रक्तात जंतू पसरून गेले होते, त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी, ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आजारपणात गेले. १९४० च्या एका लढाईत ते बहात्तर तास न झोपता ऑपरेशनं करत होते असं सांगतात. मी ऑपरेशनच्या टेबलाशेजारी सलग वीस तास उभा राहिलो आहे. वीस तासांनंतर हातातली कात्री आपली वाटत नाही. बहात्तर तासांची मला कल्पना करवत नाही.

पण डॉक्टर ज्या युद्धात होते, त्या युद्धाला जपान युद्ध म्हणायलाच तयार नव्हता. 'चीनची घटना' म्हणायचा. युद्ध नाही म्हटलं की युद्धाच्या नियमांचाही प्रश्न नाही, ही पळवाट. १९४९ साली जिनिव्हाचे चार करार नव्याने लिहिले गेले, तेव्हा ही वाट बंद केली. दोन देशांत शस्त्रं चालली की करार लागू, मग एखाद्याने त्याला युद्ध म्हणो की आणखी काही. आणि देशांतर्गत लढाईतसुद्धा जखमी, शरण आलेला, निःशस्त्र माणूस यांना किती माणुसकीने वागवायचं याची किमान पायरी तिसऱ्या कलमात घातली. हे कलम चारही करारांत जवळपास शब्दशः एकच आहे. भारताने हे करार १९५० मध्ये मंजूर केले. कोटणीसांच्या गावच्या लोकांनी निदान एवढं माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं.

एका शाळेत पंधरा ऑगस्टला मला बोलवलं होतं. मी मुलांना विचारलं, युद्धाचे कायदे म्हणजे काय? आठवीतल्या एका मुलीने पटकन हात वर केला आणि म्हणाली, "मार्शल लॉ!" सोलापूरच्या मुलीने हे उत्तर द्यावं हे साहजिक आहे. १२ मे १९३० ला इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ पुकारला आणि जूनअखेरपर्यंत ठेवला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांसमोरून आपण रोज जातो. मी त्या मुलीला सांगितलं, बाळ, ते वेगळं. मार्शल लॉ म्हणजे सैन्याच्या हाती गाव देणं आणि नागरिकांचे हक्क बाजूला ठेवणं. युद्धाचे कायदे त्याच्या उलट्या बाजूने येतात. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्यावर ते बंधन घालतात. तिने वहीत लिहून घेतलं. मास्तरांनीही.

आता माझं. २००८ साली मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोला होतो, गोमा शहरातल्या भारतीय सैन्याच्या हॉस्पिटलमध्ये. गोम्याच्या डोक्यावर ज्वालामुखी आहे, २००२ मध्ये त्याचा लाव्हा शहरातून वाहिला. त्यामुळे रस्ते, कुंपणं, घरांचे पाये, सगळं काळ्या दगडाचं. माणसं लाकडी स्कूटरवर, चुकुडूवर, पोती आणि कधीकधी रुग्णही घालून ढकलत आणायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शहराच्या उत्तरेला लढाई पेटली आणि हजारो लोक डोक्यावर भांडी घेऊन किबातीच्या छावणीकडे चालत सुटले.

त्या दिवसांत कुठूनतरी बातमी पसरली की एका लाल फुलीच्या गाडीतून हत्यारं नेली. खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नाक्यावर आमची गाडी थांबवायला लागले. एका संध्याकाळी गाडीत एक बाई होती, तिशीतली, मांडीत तुकडा शिरलेला. मी टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, बांधला आणि आम्हाला शिकवलं होतं तसं तिच्या कपाळावर पेनाने बांधल्याची वेळ लिहिली. मग तीन नाके. प्रत्येक ठिकाणी स्ट्रेचर खाली उतरवा, गादी उलटी करा, ऑक्सिजनचा सिलिंडर वाजवून बघा. नाक्यावरची पोरं सतरा-अठरा वर्षांची, तीही घाबरलेली. मी तिच्या कपाळावरची वेळ आणि मनगटावरचं घड्याळ आळीपाळीने बघत होतो. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा पाय गार पडला होता. सर्जन साहेबांनी तो गुडघ्याच्या वरून काढला. बाई वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा पायाकडे नाही, कपाळाकडे हात नेला आणि तिथलं काय ते पुसायचा प्रयत्न केला.

उस्तादांचं 'बाकी सब भरोसा है' मला त्या रात्री कळलं. आमची फुली खरीच होती. पण कुणीतरी ती खोटी वापरली असेल एवढ्या नुसत्या संशयाने तिचं वजन संपलं.

त्याच वर्षी जुलैत कोलंबियात सैन्याने बंडखोरांच्या तावडीतून पंधरा ओलीस सोडवले, त्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या माजी उमेदवार इंग्रिद बेतांकूर होत्या. एकही गोळी न झाडता. सगळ्या जगाने कौतुक केलं. मागून उघड झालं की वेषांतर केलेल्या एका जवानाने अंगावर रेडक्रॉसची खूण घातली होती. एवढी मोठी कामगिरी, कुणाचा जीव गेला नाही, तरीही राष्ट्राध्यक्ष उरिबे यांना जाहीर माफी मागावी लागली. काहींना हे अति वाटेल. मला नाही वाटत. त्या जंगलात यापुढे जी खरी नर्स जाईल, तिच्याकडे बंडखोर कोणत्या नजरेने बघतील, याचा विचार त्या माफीत आहे.

आणि हे फक्त परदेशात घडतं असं कुणी समजू नये. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोलापुरातल्या नाकाबंद्या आठवा. माझ्या थोरल्या भावाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. एका सकाळी आमची रुग्णवाहिका नाक्यावर अडवली. मी कागद दाखवले, दादाच्या हातावरची फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायची जागा, दाखवली. हवालदार माझ्याच वयाचा, घामाने भिजलेला. म्हणाला, "काका, राग मानू नका, सकाळपासून सात प्लसवाल्या गाड्या पकडल्यात. एकात तर किराणा होता, एकात लग्नाला चाललेली माणसं." गाड्यांच्या काचेवर स्टिकर, दुकानात सहज मिळणारा. त्या हवालदाराला मी दोष देत नाही. पण दादा तासभर उशिरा मशीनला लागला, आणि मागच्या सीटवर त्याचा सुजलेला हात धरून बसलेल्या मला गोम्याचा तिसरा नाका आठवत होता.

आता कायदा. आपल्या संसदेने १९६० साली जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट केला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय कुणालाही लाल फुली, लाल चंद्रकोर किंवा त्यांच्यासारखी दिसून फसवणारी खूण कोणत्याही कामासाठी वापरता येत नाही. तेराव्या कलमात शिक्षा आहे, पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि ज्या मालावर खूण वापरली तो जप्त. १९६० साली पाचशे रुपये गाठीला बांधायला माझ्या वडिलांना गिरणीत महिनोन् महिने लागले असते. आज त्या रकमेची कुणाला भीती वाटणार नाही, आणि मला लोकांना दंड व्हावा असंही वाटत नाही. ही खूण मुळात सैन्याच्या वैद्यकीय सेवेची, आणि भारतीय रेडक्रॉस सोसायटीसारख्या संस्थेची. शांततेच्या काळात रुग्णवाहिका आणि जखमींवर फुकट उपचार करणारी प्रथमोपचार केंद्रं यांना रीतसर परवानगीने अपवाद करता येतो. मेडिकल दुकान, खाजगी दवाखाना, डॉक्टरांची मोटार, वृत्तपत्राची पुरवणी, यांना तो हक्क नाही.

पत्रलेखक गृहस्थांकडे वळतो. ते म्हणतात कुरुक्षेत्रावर तरी कुठे नियम पाळले. बरोबर, नाही पाळले. पण युद्ध सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी नियम ठरवले, शंख वाजवणाऱ्याला, सारथ्याला, शस्त्र टाकलेल्याला मारायचं नाही असं ठरलं, आणि मग कुणी कोणता नियम कधी मोडला ते व्यासांनी एकेक करून नोंदवून ठेवलं. रात्री झोपलेल्यांच्या छावणीत शिरून कापाकापी करणारा अश्वत्थामा आमच्या आजीच्या गोष्टीत अजून दारोदार फिरत होता. कपाळावरची जखम वाहते आहे, बरी होत नाही, आणि तो तेल मागतो आहे. मरण नाही, नुसती न भरणारी जखम. जखमा बांधण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही शिक्षा किती मोठी वाटते ते काय सांगू. नियम मोडला गेला म्हणून आजीने कधी असं म्हटलं नाही की नियमच नव्हता.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आपल्याच मुलखात तळ पडला होता, पावसाळा तोंडावर. महाराज बजावतात की कुणब्याच्या घरून कुणी दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी, तर राहिलेली रयतही निघून जाईल आणि मोगलांपेक्षा तुम्ही वाईट असा तळतळाट होईल. मग ते उंदरापर्यंत येतात. रात्री दिवे जळते ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. मी छावणीत राहिलेला माणूस आहे. उंदराचा विचार करणारा सेनापती शिपायाला काय शिकवत असतो ते मला कळतं: तुझ्या हातून नकळतही होणाऱ्या नुकसानाला तू जबाबदार आहेस. आजच्या कायद्यात हल्ल्याआधी घ्यायची काळजी म्हणून हीच गोष्ट कलमांत लिहिली आहे.

आणि हल्लीचं? गृहस्थांचा खरा रोख तिथे आहे, आणि त्यांचं दुःख मी मानतो. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अफगाणिस्तानात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेचं कुंदूझचं रुग्णालय अमेरिकेच्या विमानाने जाळलं, ४२ माणसं गेली. ते रुग्णालय कुठे आहे हे त्या संस्थेने सैन्याला आधीच कळवलेलं होतं. मार्च २०२२ मध्ये मारिउपोलच्या प्रसूतिगृहावर रशियाचा हल्ला झाला. २३ मार्च २०२५ ला गाझात रफाहजवळ लाल चंद्रकोरीचे आणि इतर मदत पथकांचे मिळून १५ जण मारले गेले. इस्रायलच्या सैन्याने आधी सांगितलं की गाड्या दिवे न लावता संशयास्पद रीतीने येत होत्या. मग मेलेल्यांपैकी एकाच्या फोनमधलं चित्रीकरण मिळालं, त्यात गाड्यांचे दिवे लखलख लागलेले होते, आणि सैन्याला आपलं म्हणणं बदलावं लागलं. ते चित्रीकरण मी एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहण्याची हिंमत झाली नाही. माझ्यासारखेच ते लोक. त्यांचे रात्रपाळीतले आवाज, गाडीतली धावपळ, सगळं ओळखीचं.

पण प्रत्येक वेळी मारणारा काय सांगतो ते बघा. आम्हाला ओळखू आलं नाही. आत हत्यारबंद लोक होते. खूण खोटी होती. "रुग्णालय होतं, म्हणून मारलं" असं कुणी म्हणत नाही. सबब शोधावी लागते, ती नियमामुळेच. आणि सबबही मोकळी सोडलेली नाही. रुग्णालयातून खरंच कुणी शत्रुत्वाचं काम करत असेल तरी आधी इशारा द्यायचा, वाजवी मुदत द्यायची, मगच संरक्षण संपतं, असं १९४९ च्या पहिल्या कराराचं एकविसावं कलम सांगतं. जखमींकडून काढून घेतलेल्या बंदुका दवाखान्यात सापडल्या म्हणून तो किल्ला ठरत नाही, हे पुढच्याच कलमात आहे. आम्ही स्वतः ते पाळायचो. जखमी आत घेण्याआधी त्याची रायफल, काडतुसं, खिशातला ग्रेनेड बाहेर, यादी करून, वेगळ्या जागी. आत आल्यावर मग तो कुणाचा हे विचारायचं नाही. ज्याला आधी गरज त्याला आधी टेबल. कराराच्या बाराव्या कलमात उपचाराचा क्रम फक्त वैद्यकीय निकडीवर ठरतो असं लिहिलं आहे, आणि गोम्यात मी सरकारी शिपाई आणि त्याच्याशी लढलेला बंडखोर एकाच खोलीत, मध्ये एक सलाईनचा स्टँड सोडून, झोपलेले पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच रेडिओवर गाणी ऐकत होते.

ही सबब खोट्या फुल्यांवर पोसली जाते. सोलापुरातल्या चष्म्याच्या दुकानावरची फुली बघून गाझात कुणी गोळी झाडत नाही, हे मलाही कळतं. पण जिथे लहानपणापासून ती खूण सर्दीच्या गोळ्यांशी जोडलेली असते, त्या गावातून उद्या सैन्यात जाणारा मुलगा तिच्यासमोर थबकेल का? आपल्या जिल्ह्यातली किती मुलं भरतीला पळायला जातात. ती मुलं लखनौला किंवा आणखी कुठे जाऊन हे शिकतील तेव्हा शिकतील. त्याआधी अठरा वर्षं त्यांच्या डोळ्यांना आपण काय शिकवतो?

मी हे नुसतं लिहीत बसलो नाही. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या अण्णांकडे गेलो. आधी ते म्हणाले, "काय ओ काका, सगळ्यांचंच असतंय की." मग मी त्यांना त्या बाईच्या कपाळावरच्या वेळेची गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, रंग तुम्ही आणा, पेंटर मी बघतो. साखर पेठेतला एक पेंटर आला, त्याने पाऊण तासात तांबडी फुली हिरवी केली. कित्येक देशांत औषधाच्या दुकानाची खूण हिरवीच असते. अण्णांचं एकही गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. रुग्णालयांसाठी निळ्यावर पांढरा 'एच' आहेच, डॉक्टरांनी गाडीवर नुसतं 'डॉक्टर' लिहिलं तरी लोक वाट देतात.

आपल्याकडे माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पुरवणीच्या मथळ्यातली फुली काढा, आणि ती का काढली ते त्याच जागी चार ओळींत छापा. पुढच्या ९ डिसेंबरला डॉ. कोटणीसांवर जो लेख येईल त्यात त्यांच्या बहात्तर तासांबरोबर या खुणेचाही उल्लेख करा.

मेडिकल दुकानदारांपैकी कुणाला पाटी बदलायची असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडे निरोप ठेवावा. विजापूर रोडपासून शहरात कुठेही मी सायकलवर येईन. हिरव्या रंगाचा अर्धा डबा आणि दोन ब्रश माझ्याकडे शिल्लक आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार, आर्मी मेडिकल कोअर
विजापूर रोड, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)